एका फेरीत वाघ आणि पाळणा

मराठवाड्याचे जिल्हे आठ आणि प्राणिसंग्रहालय एक. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं महानगरपालिकेचं सिद्धार्थ उद्यान हेच ते. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरहून तिथं जायचं तर अंबाजोगाई-बीड मार्गानं अडीचशे किलोमीटरांहून जास्त अंतर पडतं. तरीही वेरूळ, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा अशी सहलीची यादी निघाली की शेवटी सिद्धार्थ उद्यानाचं नाव येतंच, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या हट्टावरून येतं. लेणी आणि किल्ला मोठ्यांच्या वाट्याचे, वाघ आणि घसरगुंडी लेकरांच्या.

वाघ आणि घसरगुंडी अशी जोडी एकाच आवारात असणं हे या बागेचं वैशिष्ट्य. एका बाजूला पिंजरे, दुसऱ्या बाजूला झोके आणि मुलांची खेळणी, मध्ये हिरवळ, बुद्धाची मूर्ती आणि शिदोरी सोडून बसायला जागा. आजीला सावली मिळते, आईवडिलांना पाय पसरता येतात, लेकरांना दोन्ही हवं ते मिळतं. लहान शहरांतल्या अशा दुहेरी बागांनी महाराष्ट्रातल्या कैक पिढ्यांना पहिला वाघ दाखवला. पण ज्या जोडीमुळे माणसांची सोय होते, तीच जोडी पिंजऱ्यातल्या जिवांची गैरसोय करते, हेही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कायद्यानं आणि अनुभवानं शिकवलं आहे. या बागांकडे पाहताना दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

जत्रेतली शाळा

अहमदपूरकरांना जनावरं आणि पाळणे एकत्र पाहायला संभाजीनगर गाठावं लागत होतं, असं मात्र कधीच नव्हतं. नांदेडच्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या सुमारास तिथं खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, बेलभंडाऱ्याची उधळण होते, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि त्याच माळावर घोडे, गाढवं, उंट, कुत्री यांचा बाजार बसतो. कुस्त्या असतात, लावणी असते, पशुप्रदर्शन असतं. भटक्या समाजांच्या जातपंचायती इथं भरत, सोयरिकी ठरत. आणि या सगळ्याच्या कडेला आकाशपाळणा, तंबूतले खेळ आणि ‘मौत का कुआँ’.

यात्रेपाठोपाठ काही दिवसांत येते मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे लातूर-धाराशिव भागातली येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन अख्खं घर शेतात जेवायला जातं. त्यामुळे या मुलखात सहकुटुंब बाहेर पडण्याचा मोसम कॅलेंडरानं ठरवलेला आहे. सहल हा शब्द शाळेनं आणला. घरोघरी ही प्रथा त्याआधीपासूनची आहे.

माळेगावच्या बाजारात जनावर बघायचं म्हणजे नुसतं बघायचं नसतं. दात मोजायचे, चाल बघायची, खूर उचलून पाहायचा, किंमत काढायची. लाल कंधारी गाय-बैलांचा मूळ पट्टा कंधार-मुखेडपासून अहमदपूरपर्यंत पसरलेला आहे आणि देवणी ही जातही शेजारच्याच देवणी तालुक्याच्या नावानं ओळखली जाते. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला वशिंड, शिंगांची ठेवण, गळ्याखालची पोळी हे सगळं शाळेत जायच्या आधी कळतं. पाळीव जनावराची पारख घरातूनच होते. जंगली जनावराची ओळख मात्र त्याला बाहेरून करून घ्यावी लागते, आणि ती करून देण्याचं काम बराच काळ सर्कशीकडे होतं.

तंबूतला वाघ

भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी माणसानं केला. कुरुंदवाड संस्थानच्या आश्रयाखाली असलेले विष्णुपंत छत्रे घोडे शिकवण्यात तरबेज होते. कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून त्यांनी ईर्षेनं १८८० मध्ये स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे देवल, कार्लेकर अशी नावं गाजली. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंह-बिबट्यांचे शिक्षक म्हणून अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले. तालुक्याच्या गावी मोकळ्या मैदानावर तंबू लागला की वाघाची डरकाळी रात्री घरात ऐकू येई आणि लेकरं आईच्या कुशीत शिरत.

तो काळ कायद्यानं संपवला. १४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. अस्वलवाले आणि माकडवाले दरवेशीही हळूहळू रस्त्यावरून दिसेनासे झाले. तेव्हापासून लहान गावातल्या मुलाला जिवंत वाघ पाहायचा असेल तर दोनच वाटा उरल्या: जंगल किंवा प्राणिसंग्रहालय. जंगल सफारीचा खर्च मोठा आणि वाघ दिसण्याची खात्री नाही. म्हणून गर्दी उरलेल्या वाटेवर वळली.

फुलराणीचा धडा

दुहेरी बागेचा मराठी नमुना म्हणून पहिलं नाव पुण्याच्या पेशवे पार्कचं घ्यावं लागेल. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. त्याच परिसरात पुणे महापालिकेनं १९५३ मध्ये पेशवे पार्क उभारलं. ८ एप्रिल १९५६ रोजी तिथं ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली आणि पांढरा वाघ, हत्तीवरची फेरी, फुलराणीची शिट्टी हे पुण्यातल्या बालपणाचे ठरलेले मुक्काम झाले. मुंबईत त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स सुरू झालं. तीच आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. नागपूरचं महाराजबाग भोसल्यांच्या काळचं. तिथलं प्राणिसंग्रहालय पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ चालवतं. या सगळ्या बागा शहराच्या पोटात आहेत, चालत किंवा बसनं पोचता येईल अशा. म्हणूनच त्या लाडक्या झाल्या आणि म्हणूनच कालांतरानं अपुऱ्या पडल्या.

पुण्यानं त्यावर सरळ उपाय केला. कात्रजला सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, नंतर पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलले. फुलराणी मात्र जुन्या जागीच राहिली. प्राण्यांना जागा मिळाली आणि मुलांची गाडीही गेली नाही. कात्रजला आज तळ्याकाठी झाडीतून चालताना वाघाचं खंदकापलीकडचं आवार दिसतं. मध्ये गज नाहीत. खंदकाची ही पद्धत जर्मनीतल्या कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ सुरू केली. प्राण्याच्या उडीचा अंदाज घ्यायचा, तेवढा रुंद खंदक खणायचा आणि गज काढून टाकायचे, एवढीच ती युक्ती. जगभरच्या संग्रहालयांचा चेहरा तिनं बदलला.

सिद्धार्थ उद्यानातला पाळणा

आता मराठवाड्याच्या बागेकडे येऊ. सिद्धार्थ उद्यानाची जागा लहान आहे, पण तिची एक कीर्ती मोठी आहे. वाघांच्या जन्माच्या बाबतीत ही बाग राज्यात नाव राखून आहे. सिद्धार्थ आणि समृद्धी या जोडीनं इथं अनेकदा पिल्लं दिली. २०२० च्या डिसेंबरात समृद्धीला एकाच वेळी पाच बछडे झाले. वाघिणीला एका वेताला दोन ते चार पिल्लं होणं नेहमीचं, पाच क्वचित. गर्भकाळ साडेतीन महिन्यांचा, पिल्लं जन्मतः आंधळी आणि जेमतेम किलोभर वजनाची. असे दिवस आले की वाघिणीचा पिंजरा पाहुण्यांच्या नजरेआड ठेवला जातो आणि काळजीवाहक कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतात, कारण बिथरलेली वाघीण पिल्लांना दूध पाजायचं सोडून देऊ शकते.

इथल्या वाघांनी इतर शहरांतही बिऱ्हाड मांडलं. २०२० च्या फेब्रुवारीत शक्ती आणि करिश्मा ही जोडी मुंबईच्या राणीच्या बागेत गेली. त्याआधी बराच काळ मुंबईकरांना तिथं वाघ दिसत नव्हता. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांना वीरा नावाचं मादी पिल्लू झालं. दक्षिण मुंबईतली पोरं ज्या वाघिणीला पाहून टाळ्या पिटतात, तिचं आजोळ मराठवाड्यात आहे, हे अहमदपूरकरांनी अभिमानानं सांगायला हरकत नाही. प्राणिसंग्रहालयांत अशी देवाणघेवाण सतत चालते. एकाच घराण्यातल्या नर-मादीचं प्रजनन टाळायचं तर बाहेरचं रक्त आणावं लागतं. त्यात पैशांचा व्यवहार नसतो. वाघ द्यायचे आणि हरणं किंवा पक्षी घ्यायचे, असा प्राण्याच्या बदल्यात प्राणी घेतला जातो.

पांढरे वाघ हे इथलं दुसरं आकर्षण. २०२३ च्या सप्टेंबरात संभाजीनगरला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली, तेव्हा अर्पिता या वाघिणीच्या बछड्यांची नावं मंत्र्यांनी चिठ्ठ्या काढून ठेवली, आणि बारशाची बातमी राज्यभर गेली. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे, हे त्या गजांसमोर उभं राहून लेकरांना सांगण्यासारखं आहे. तो आपला नेहमीचाच वाघ. एका जनुकातल्या बदलामुळे त्याच्या कातडीत पिवळा-तांबडा रंग तयार होत नाही, काळे पट्टे राहतात. हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. आज पिंजऱ्यात दिसणारे पांढरे वाघ बहुतांशी त्याच्याच वंशातले. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या, त्यामुळे तिरळेपणासारखे दोषही वाढले. वन्यजीव संवर्धनाच्या दृष्टीनं पांढऱ्या वाघाला विशेष महत्त्व नाही. गर्दी मात्र त्याच्यासमोरच सर्वांत जास्त.

दहा गुंठ्यांचा हिशेब

१९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि देशातल्या प्रत्येक संग्रहालयाला त्याची मान्यता घेणं बंधनकारक ठरलं. त्याआधी नगरपालिका, संस्थानिक, मठ, साखर कारखाने, कुणीही चार पिंजरे बांधून बिबट्या आणि हरणं ठेवू शकत होतं. प्राधिकरणानं मोजमापं घालून दिली. वाघाच्या जोडीला मोकळं आवार किमान १,००० चौरस मीटर हवं, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जवळपास दहा गुंठे. संग्रहालयाभोवती किमान दोन मीटर उंच भिंत हवी. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंदी, म्हणजे प्राण्यांना सुटी. पशुवैद्य हवा, खाद्याची नोंद हवी, जन्म-मृत्यूचा हिशेब हवा.

दहा गुंठे ऐकायला बरे वाटतात, पण एका जोडीला दहा गुंठे आणि बागेत वाघ दहा-बारा झाले तर? सिद्धार्थ उद्यानाची अडचण नेमकी तिथं आहे. वाघांचं वेत वाढलं तसा पिंजरा पुरेना. २००९ मध्ये प्राधिकरणानं हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नयेत असा आदेश काढला. इथल्या लक्ष्मी आणि सरस्वती या दोन हत्तिणींची पाठवणी विशाखापट्टणमला झाली. तिथलं संग्रहालय ६२५ एकरांचं. हत्तिणी गेल्या तेव्हा शहर हळहळलं. त्यांच्या पायांतली साखळी आठवली की ती हळहळ जरा कमी व्हायला हवी. २०१८ च्या अखेरीस तर अपुऱ्या जागेच्या आणि सुविधांच्या कारणावरून उद्यानाच्या प्राणिसंग्रहालयाची मान्यताच प्राधिकरणानं रद्द केली होती. धावपळ झाली, सुधारणांची हमी दिली गेली, तेव्हा बाग वाचली. आता शहराच्या पश्चिमेला मिटमिटा इथं सुमारे १०० एकरांवर सफारी पार्क उभारून सगळे प्राणी तिकडे हलवायचे, असा महापालिकेचा बेत आहे.

वाघ दिवसातले बरेच तास झोपतो. दुपारी बाराला पोचलेल्या कुटुंबाला तो बहुधा पाठमोरा दिसतो आणि लेकरू रडवेलं होतं. मग कुणीतरी शिट्टी मारतो, कुणी खडा फेकतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ‘३८ जे’ या कलमान्वये प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाजानं त्रास देणं आणि आवारात कचरा टाकणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. वाघ पाहायचा तर सकाळी दार उघडल्या उघडल्या किंवा मग संध्याकाळी, खाद्य द्यायच्या वेळेच्या आसपास. बहुतेक संग्रहालयांत मोठ्या मांसाहारी प्राण्यांना दिवसातून एकदाच हाडांसकट मांस देतात आणि आठवड्यातला एक दिवस उपास घडवतात. जंगलात रोज शिकार साधत नाही, पोटाला तीच सवय असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की वाघांच्या पिंजऱ्यांना कूलर लागतात, हरणांच्या आवारावर हिरवी जाळी येते, पाण्याचे फवारे सुरू होतात. मे महिन्यातली सहल म्हणूनच माणसांना आणि प्राण्यांना सारखीच जाचक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस.

पोटात गोळा का येतो

लेकरांचं अर्धं चित्त मात्र पलीकडच्या पाळण्यांत असतं, आणि तिथंही शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आकाशपाळण्याचा आजचा पोलादी अवतार १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जन्मला. जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं उभारलेलं ते चाक २६४ फूट उंच होतं. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं, म्हणजे एका वेळी दोन हजारांहून जास्त लोक हवेत. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चार डोल्यांचा लाकडी पाळणा हातानं फिरवला जात होता. वर जाऊन खाली येताना पोटात गोळा येतो, तो भीतीमुळेच येतो असं नाही. पाळणा वरच्या टोकावरून खाली वळतो तेव्हा बूड टेकलेली फळी आपल्याला कमी जोरानं वर रेटते. वजन घटल्यासारखं होतं आणि पोटातले अवयवही क्षणभर सैलावतात. खालच्या टोकाशी उलट घडतं, अंग जड होतं. ‘मौत का कुआँ’मधला मोटारसायकलवाला भिंतीवरून का पडत नाही, याचं उत्तरही याच गणितात आहे. वेगानं गोल फिरताना भिंत चाकाला आत ढकलत राहते, त्या दाबामुळे घर्षण वाढतं आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. वेग घटला की पकड सुटली. विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा माळेगावच्या फळ्यांवर डोळ्यांसमोर घडतो.

या मौजेचा व्यवसाय महाराष्ट्रात १९८९ मध्ये गोराईच्या एस्सेल वर्ल्डनं मोठ्या प्रमाणावर आणला, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडलं आणि इमॅजिका अहमदपूरच्या कुटुंबासाठी लांबचं आणि महागडं. त्यामुळे लातूर-नांदेडकडे जत्रेतले आणि उन्हाळी ‘आनंद मेळ्या’तले फिरते पाळणेच चालतात. त्यांत बसण्याआधी चार गोष्टी मोठ्यांनी डोळ्यांनी तपासाव्यात. पाळण्याचा पाया पक्क्या जमिनीवर आहे की विटांच्या थप्पीवर, बसल्यावर पुढची दांडी किंवा पट्टा नीट अडकतो का, विजेच्या उघड्या तारा पायाखाली आहेत का आणि चालवणारा माणूस उंची-वयाचं बंधन पाळतो का. यांतलं एकही पटलं नाही तर लेकराची समजूत काढून पुढे जावं.

पाळण्यांचं एक वैगुण्य मात्र पाळण्यांपुरतं राहत नाही, ते शेजारच्या पिंजऱ्यांना भोवतं. भोंग्यावरची गाणी, यंत्राची घरघर आणि रात्रीचे झगझगीत दिवे यांची माणसाला मौज वाटते. चितळ-सांबरासारख्या भित्र्या प्राण्यांना मात्र अखंड धोक्याचा इशारा मिळत राहतो. हरणाचे कान आवाजाच्या दिशेनं फिरतात ते जीव वाचवण्यासाठी. दिवसभर आवाज चारी दिशांनी आला तर ते चरणं सोडून कोपऱ्यात दाटीनं उभं राहतं. पिल्लं असलेल्या मादीला तर शांतता ही खाद्याइतकीच गरजेची. पुण्यानं फुलराणी एकीकडे आणि वाघ दुसरीकडे का नेले, त्याचं कारण इथं कळतं.

हैदराबादची वाट

अहमदपूर भूगोलानं मराठवाड्याच्या अशा कोपऱ्यात आहे की उदगीर-बिदरमार्गे हैदराबादही संभाजीनगराइतकंच, अडीचशे किलोमीटरांच्या आसपास पडतं. हा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आला. निजामाच्या काळापासून दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता या सगळ्यांसाठी हैदराबादची वाट इथल्या जुन्या माणसांच्या पायाखालची. हैदराबादच्या ‘बाग-ए-आम’मध्ये तेव्हा प्राण्यांचे पिंजरे होते. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी मीर आलम तलावाशेजारी ३८० एकरांवर नेहरू प्राणिसंग्रहालय सुरू झालं.

इथंही छोटी आगगाडी आहे, पण ती आवारात फिरण्याचं साधन म्हणून. सिंहांची सफारी आहे, निशाचर प्राण्यांचं अंधारं दालन आहे. अख्खा दिवस लागतो आणि पाय दुखतात. मोठ्या जागेचा फायदा तिथं पाहताक्षणी कळतो. प्राणी शोधावा लागतो आणि सापडला की तो चालताना, पाण्यात डुंबताना, झाडाला पाठ घासताना दिसतो. लहानग्याला घेऊन जाणाऱ्यांनी एवढंच पाहावं की सोमवारी ते बंद असतं. पुण्याचं कात्रज आणि मुंबईची राणीची बाग बुधवारी बंद असतात. लांबून जाऊन बंद दारापुढे फोटो काढून परतलेली कुटुंबं कमी नाहीत.

शिवारातला पाहुणा

पिंजऱ्यातल्या वाघाला पाहायला आपण अडीचशे किलोमीटर जातो, आणि वाघ मात्र त्याच्या पायांनी आपल्याकडे येऊ लागला आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातले जिल्हे पालथे घालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या एकूण भटकंतीची नोंद सुमारे ३,००० किलोमीटरांची झाली. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. पट्ट्यांच्या नक्षीवरून त्याची ओळख पटली, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. वयात आलेला नर आईचा मुलूख सोडतो आणि स्वतःचा शोधायला निघतो. त्या वाटेत ऊस, कापूस, सोयाबीन, महामार्ग आणि आपली गावं लागतात.

अहमदपूरच्या आजूबाजूच्या माळरानांवर काळवीट आहेत, रोही आहेत, कोल्हे आणि मोर आहेत. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या नायगावला तर मोरांसाठी अभयारण्यच आहे. संग्रहालयातल्या फेरीचा खरा उपयोग इथं होतो. तिथल्या सर्पालयाच्या काचेआड नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं नीट पाहिलेलं पोर पुढे बांधावर साप दिसला तर काठी शोधण्याआधी दोन पावलं मागे सरतं. बिबट्याच्या अंगावरचे गुलाबासारखे ठिपके आणि वाघाचे उभे पट्टे यांतला फरक कळलेल्या माणसाकडून ‘वाघ आला’ अशी अफवा पसरत नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत बिबट्या वारंवार दिसू लागला आहे, तेव्हा हे ज्ञान आता हौसेपुरतं राहिलेलं नाही.

खर्च, वेळ आणि शहाणपण

एस.टी.नं जाणाऱ्या कुटुंबाला हा प्रवास आज पूर्वीपेक्षा स्वस्त पडतो. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, २०२३ च्या मार्चपासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. म्हणजे आजी फुकट, आई निम्म्यात, पोरं निम्म्यात, पूर्ण तिकीट काय ते वडिलांचं. बसस्थानकावर उतरलं की सिद्धार्थ उद्यान जवळच, रिक्षाचाही खर्च नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा सोबत असला की जेवणाचाही प्रश्न मिटतो. फक्त त्यातलं काहीही गजांच्या आत जाऊ द्यायचं नाही. माकडाला शेंगदाणे टाकणं आपल्याला पुण्य वाटतं, पण प्लास्टिकच्या पिशवीसकट गिळलेल्या खाऊनं हरणाचा जीव जातो.

पाहणीचा क्रमही ठरवून घ्यावा. सकाळी आधी प्राणी, ऊन चढल्यावर सावलीत जेवण आणि दुपार कलल्यावर खेळणी. प्रत्येक पिंजऱ्यावरची पाटी मुलाला मोठ्यानं वाचायला लावावी. नाव काय, कुठं आढळतो, खातो काय. चार पिंजरे नीट पाहून झाले तरी चालेल. चाळीस पिंजऱ्यांसमोरून धावत जाऊन घरी काही येत नाही.

राहता राहिला धोरणाचा प्रश्न. वाघ आणि पाळणा एकाच भिंतीआड ठेवण्याचे दिवस संपत आले आहेत आणि ते संपले पाहिजेत. मिटमिट्याचं काम जितक्या लवकर पूर्ण होईल तितकं तिथल्या वाघांचं भलं. पण त्याचा अर्थ लहान शहरांनी लेकरांची बाग गमवावी असा होत नाही. पेशवे पार्कात प्राणी गेल्यावरही फुलराणी राहिली, तसं सिद्धार्थ उद्यान झाडांसाठी आणि खेळण्यांसाठी जपता येईल. अहमदपूर, उदगीर, लोहा, कंधार अशा तालुक्यांच्या गावांना पिंजऱ्यांची गरजच नाही. त्यांना हवी आहे सावलीची, पक्क्या झोक्यांची, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली एक बाग, आणि वर्षातून एकदा शाळेनं काढलेली मोठ्या प्राणिसंग्रहालयाची सहल. सहलींना एस.टी. भाड्यात निम्मी सवलत देते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बागेसाठी तरतूद किती, हे आपल्या नगरसेवकाला प्रत्येक पालकानं विचारावं.